आठ अक्षरं

भाऊंच्या मुलीने मिठूचं पूर्ण नाव टाइप केलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"आता बघा, बाबा."

भाऊंनी चष्मा सावरला. पडद्यावर कापड रंगवायच्या टाकीचं चित्र होतं, त्यांनीच कधीकाळी काढलेलं. टाकीत वाफ कोंडलेली असताना झाकणाचं कुलूप सुटू नये म्हणून दाबाची एक मर्यादा घातलेली होती, जेमतेम शून्याच्या वरची; दाब तिच्याखाली उतरला तरच कुलूप सुटायचं. आता त्या जागी भलताच मोठा आकडा येऊन बसला होता आणि कुलपाचा लाल दिवा हिरवा झाला होता.

"परत कर," भाऊ म्हणाले.

तिने परत केलं. मग दुसऱ्या एका कामगाराचं पूर्ण नाव घातलं. दिवा हिरवाच झाला. वाफेचा दाब तिने चाचणीपुरता हाताने भरलेला होता; काचेपलीकडे खरी टाकी गार पडली होती आणि तिच्याभोवती दोरी बांधलेली होती. असाच हिरवा दिवा बघून मिठूने झाकण उघडलं होतं. वाफेने भाजलेला माणूस दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही.

"मालक सगळ्यांना सांगत सुटलेत, घाई नडली, कुलपाशी खेळला म्हणून," ती म्हणाली. "त्याने कशालाच हात लावला नव्हता. तो नुसता कामावर आला होता."

भाऊंना समजावून सांगायची गरज नव्हती. प्रोग्रॅम त्यांच्याच हातचा. ज्या भाषेत लिहिला ती चपळ होती आणि कुणाला कशालाच नाही म्हणत नव्हती. नावासाठी त्यांनी आठ अक्षरांची जागा ठेवली होती. नववं अक्षर आलं तर भाषा त्याला हटकायची नाही, ते आपलं शेजारच्या जागेत जाऊन बसायचं. आणि शेजारी ती मर्यादा राहत होती. हे ठाऊक होतं म्हणून भाऊंनी कारखान्यात एक शिरस्ता पाडला होता. नवा माणूस आला की त्याला आखूड नाव द्यायचं आणि पडद्यावर तेवढंच टाकायचं. लंबू, खडूस, ठोंब्या. चहा पिता पिता नाव ठरायचं, हसून हसून पुरेवाट व्हायची. असं का करायचं, हे हळूहळू कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. अखंड बडबडणाऱ्या मिठूला मिठू भाऊंनीच केलं होतं.

ते निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर मुलगी आली. मग मालकांनी फाटकावरचं हजेरीचं यंत्र या प्रोग्रॅमला जोडायचं काढलं. अंगठा लावला की पूर्ण नाव आपोआप आत. मुलगी म्हणाली, जोडायच्या आधी सगळं नव्या भाषेत लिहू, ती भाषा आगाऊ अक्षर दारातच अडवते. मालकांनी भाऊंना मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्यांचं मत विचारलं. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नाचता येईना, अंगण वाकडं." मालक पोट धरून हसले आणि विषय तिथेच मिटला.

यंत्र जोडलं त्या सकाळी पहिला अंगठा मिठूचा पडला.

"भाषेला काय दोष?" भाऊ आत्ताही म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "इतकी वर्षं मी सांभाळलंच ना?"

"सांभाळलंत. विहिरीला कठडा नव्हता आणि तुम्ही एकेकाला हाताला धरून बाजूने नेत होतात. तुम्ही घरी गेलात, बाबा. विहीर कुठे गेली?" ती पडद्याकडेच बघत बोलत होती. "आता तर तिच्यापर्यंत रस्ताच केलाय. उद्या बाहेर बसलेला कुणीही नाव म्हणून हवं ते आत पाठवेल."

भाऊंना तिचा राग आला. मग राग गेला आणि नुसती लाज उरली. त्या दिवशी भरल्या बैठकीत ती कशी खाली मान घालून बसली होती, ते त्यांना आठवलं.

"मालकांना काय सांगणार आहेस?"

"दिसलं ते सांगणार. पण खाली मिठूची बायको आलीय, त्याचे कपडे न्यायला. चूक तिच्या नवऱ्याची होती असंच तिला सांगितलंय. तिला मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

भाऊ उठले आणि जिना उतरून गेले.

कपाटांच्या खोलीत नवा पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. कपाटांवर रंगाने नावं लिहिलेली होती, सगळी आखूड. मिठूची बायको रिकामी पिशवी छातीशी धरून ती वाचत होती. भाऊंना बघून ती पुढे आली.

"भाऊ, तुम्ही तरी सांगा. ते असे कुलपाशी खेळतील का हो?"

"नाही," भाऊ म्हणाले. "चूक त्याची नव्हती, पोरी."

"मग कुणाची?"



"कपाट कुठलं, वहिनी?" पहारेकऱ्याने मधेच विचारलं.

"यात त्यांचं नावच नाही."

'मिठू' लिहिलेलं कपाट तिच्या खांद्याशीच होतं. भाऊंनी ते दाखवायला हात उचलला, पण तो अर्ध्यावरच राहिला.

"पूर्ण नाव सांगा बघू," पहारेकरी म्हणाला.

भाऊंवरची नजर न काढता ती सांगू लागली. आधी नवऱ्याचं नाव, मग सासऱ्यांचं, पहारेकऱ्याला नीट कळावं म्हणून एकेक अक्षर सुटं करत. भाऊंचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. आठ अक्षरं झाली. आडनाव अजून यायचं होतं.