दोन मिनिटं शांतता

स्पोर्ट्स कारच्या इंजिनांसाठी देशभर नावाजलेल्या मधुसूदनकाकांच्या शोकसभेला वाडीतल्या त्यांच्या गॅरेजसमोर शहरातले झाडून सगळे मेकॅनिक जमले. भाषणं आटोपून दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उभे राहिले. ती शांतता काकांच्या पत्नी सुमतीकाकूंना सोसवेना. इंजिनांच्या आवाजात चाललेल्या त्यांच्या संसारात असली शांतता कधी नव्हतीच. त्यांनी काकांच्या लाडक्या शिष्याला, मोहितला, कोपरानं ढोसलं. "ते गॅरेजातली लाल गाडी चालू कर गा." मोहित गांगरला. "काकू, काकानं जुळवलेलं शेवटचं इंजिन आहे ते. अजून चालूच नाही केलं. नाही झालं तं?" "काहून नाही होणार? कर!" मोहितनं गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिनानं अशी डरकाळी फोडली, की मंडप हादरला आणि रडवेले मेकॅनिक टाळ्या पिटत हसू लागले. डोळे पुसत काकू मोहितच्या शेजारी बसल्या. "अजून रेस दे गा, त्यायले ऐकू गेलं पाहिजे!"