जखमी नंबर सात

"माय, गाडी कुठवर आली वं?"

तीन पावसाळे उलटले, तरी लेकीचा, प्रणालीचा, तो आवाज जयवंताच्या कानातून उतरला नव्हता. "येऊनच राहिली, बाई," म्हणून तिनं लेकीचा हात धरला होता. त्या दिवसाबद्दल पुढं ती कोणापाशी बोलली नाही.

सीमेवर लढाई पेटली, तसा पांढुर्ण्यातही भोंगा वाजवून हवाई हल्ल्यातून बचावाचा सराव ठरला. दवाखान्याच्या आशाताईंनी वस्तीतल्या दहा जणांना खोटे जखमी म्हणून शाळेच्या मैदानात निजवलं. जयवंताच्या कपाळाला लाल रंग लागला, गळ्यात सात नंबरची चिठ्ठी आली.

"जयवंताबाई, जरा कण्हा तरी!" शेजारी पडलेले मोरेश्वरभाऊ हसले. "बॉम्ब पडून राहिला आन् तुम्ही गुमसुम!"

भोंगा थांबतो न थांबतो तोच गाड्या आल्या. गोटमारीच्या जत्रेत दगडांनी डोकी फुटतात तो दिवस सोडला, तर गावानं एवढ्या रुग्णगाड्या एकदम पाहिल्या नव्हत्या.

"चार मिनिटं! शाबास!" सराव पाहायला आलेल्या साहेबांनी घड्याळ दाखवलं. टाळ्या पडल्या.

नर्स कागद घेऊन जयवंतावर वाकली. "नाव सांगा, मावशी."

"प्रणाली."

"अन् काय झालं?"

नुसतं 'बॉम्ब' म्हणायचं, हे सगळ्यांना पढवलं होतं.



"बाळंतपणात रक्त जाऊन राहिलं होतं. फोनवर म्हणे, गाडी नाही. अन् मी पोरीले शेवटपर्यंत सांगत राहिली, येऊन राहिली, येऊन राहिली."