सर्वांत कमी चूक

तीन सॉफ्टवेअरांत ‘आर’ पहिलं आलं, तेव्हा झेबाने सगळं पुन्हा एकदा तपासून पाहिलं. शंभर पिशव्यांमागे जेमतेम दोनाची चूक. महागड्या सॉफ्टवेअरची चूक नऊची होती, एक्सेलची चौदाची. आणि ‘आर’ तर फुकट मिळत होतं.

पनवेलच्या रक्तपेढीत ती लागली त्याला चारच महिने झाले होते. पुढच्या आठवड्यात रक्ताच्या किती पिशव्या लागतील हे सांगणारं सॉफ्टवेअर निवडायचं, एवढ्याच कामावर तिला घेतलं होतं. निवड पटली तर नोकरी कायम. जास्त साठवलं तर मुदत संपून रक्त फेकावं लागतं, कमी पडलं तर माणूस जातो. म्हणून तिने परीक्षाही कसून घेतली. रजिस्टरातल्या ‘मागणी’च्या रकान्याचे दहा वर्षांचे आकडे काढले, शेवटचं वर्ष लपवलं आणि त्यातला एकेक आठवडा उघडत तिघांना पुढच्या आठवड्याचा अंदाज विचारला.

तक्ता पाहून रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टरसाहेब भलतेच खूश झाले. तिथल्या तिथे त्यांनी दोन निर्णय घेतले. झेबा कायम. आणि बावीस वर्षं रजिस्टर सांभाळणाऱ्या ठमाबाईंना महिनाअखेर निरोप.

ठमाबाईंनी काही कुरकुर केली नाही. रजिस्टर झेबापुढे सरकवत म्हणाल्या, “घे गो पोरी. मशीनला जमतं तं बरंच हाय.”

झेबाला मान वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, “मावशी, हा मागणीचा आकडा तुम्ही शनिवारी भरता ना? हॉस्पिटलांच्या चिठ्ठ्या मोजून?”

“चिठ्ठ्या कोन मोजत बसतं? आमी सोमवारी सकालीच लिवतो. तलोज्याला कुठला कारखाना बंद हाय, हायवेला काम चाललंय काय, डेंगू कुठं पसरलाय, समदं इचारून घ्यायचं नि किती लागतील ते लिवून टाकायचं. कदी कमी पडल्या नाय, कदी फुकट गेल्या नाय. म्हनून कोनी इचारलंच नाय.”

झेबाने रजिस्टरची पानं भराभर उलटली. खरोखर किती रक्त लागलं, हे दहा वर्षांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ठमाबाई काय लिहितील, तेवढंच ‘आर’ने अचूक ओळखलं होतं.

गप्प राहिली असती तर नोकरी पक्की होती. पण ती उठली, थेट डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, विश्वस्तांपुढे मी सॉफ्टवेअरचं एवढं कौतुक करून आलोय! आता मागे कसं घ्यायचं?”

“पण सर, येत्या सोमवारी आकडा कोण लिहिणार? मावशींच्या आकड्यांशिवाय सॉफ्टवेअरला पुढचं काहीच सांगता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी फलकावर आदेश लागला. सॉफ्टवेअर मंजूर. ठमाबाईंची सेवा पुढे चालू. पदनाम, ‘सॉफ्टवेअर साहाय्यक’. काम, दर सोमवारी सॉफ्टवेअरला अंदाज सांगणे.