उताऱ्याची भाकरी

बंद घरातून सतराचा पाढा ऐकू आला आणि रुचिका अंगणातच थबकली.

दाराला बाहेरून कुलूप होतं. आत कुणी नव्हतं, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. भर दुपार, वारा पडलेला. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली.

"आयकलं ना?" पडवीतून मोतीबाई म्हणाली. "माही नातच हाय ते. संगीता."

चार दिवसांपूर्वी मोतीबाईच्या मुलाने, दौलतसिंगने, आपल्या पोरीला ट्रकात बसवून तोडीला नेलं. वाटेत मेडशी गावाजवळ ट्रक थांबला, संगीता पाणी प्यायला उतरली, ती परत आलीच नाही. रस्त्याकडेच्या विहिरीवर तिची एक चप्पल सापडली. गळ टाकला, काही लागलं नाही.

रुचिका बावीस वर्षांची. दोन वर्षं दारोदार भांडत होती, पोरींना शाळेतून काढू नका म्हणून. दौलतसिंगशी तर तीनदा भांडली. "सातवी झाली, बस झालं. तिकडं चूल कोन पेटवन, तू?" एवढंच तो म्हणाला होता.

मोतीबाई रोज उंबऱ्यावर उतारा ठेवायची. भाकरी, लिंबू, हळदकुंकू. सकाळी पाहावं तर भाकरी गायब, लिंबू जसंच्या तसं. आज ताटलीत पेन्सिलीचा तुकडाही होता. तांड्यातलं कुत्रंदेखील त्या बाजूला फिरकत नव्हतं.

मोटारसायकल थांबली. दौलतसिंग उतरला. चार दिवसांत त्याचे गाल पार बसले होते.

"माय, पोरगी घरी आली का वं?"

मोतीबाईने नुसतं दाराकडे बोट केलं.

"सतरा पंचे पंच्याऐंशी..."

तो जागीच पांढरा पडला. मोतीबाईने कमरेची चाबी काढून त्याच्यापुढे धरली. "घे. उघड."

त्याचा हात काही पुढे आला नाही. "काय मांगते ते?"

"मले काय इचारतं? तिलेच इचार."

तो उंबऱ्याशी मटकन बसला. "संगीता, काय पाह्यजे वं बाई तुले?"

पाढा थांबला. मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला. "शाळा."

रुचिका दोन पावलं मागे सरकली.

"शिक वं माय, शिक," दौलतसिंग हुंदके देत म्हणाला. "कोनी नेत नाही तुले कुठी. सेवालाल बापूची आन!"

"या ताईसमोर बोल," मोतीबाई म्हणाली.

तो पुन्हा बोलला. रुचिकाकडे बघून, हात जोडून.

दोन वर्षं जित्या पोरीसाठी जे मिळालं नाही, ते मेलेल्या पोरीला घटकेत मिळालं. रुचिकाला रडूही फुटेना.

मोतीबाई उठली. पदराने डोळे पुसले आणि चाबी कुलपात घातली.

"नका ना आजी," रुचिका पुटपुटली.

कडी वाजली. अंधारातून आधी चप्पल घातलेला एक पाय बाहेर आला, मग एक अनवाणी. कपाळाला आठ्या घालून पोरगी म्हणाली, "आजी, रोज रोज ते लिंबू कायले ठेवतं वं? लोनचं ठेवत जाय ना!"