लबीबचं गुपचूप पुण्य

"अबूना, येत्या वर्षात या लबीबच्या तोंडून स्वतःच्या कौतुकाचा एक शब्द जरी निघाला तर नाव बदलीन! असा कडक संकल्प अख्ख्या शुब्रा मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाला झेपायचा नाही."

"झालं?" धर्मगुरू अबूना मत्तांनी घड्याळाकडे बघितलं. "नवं वर्ष लागायला अजून सहा तास आहेत, आणि तू मोडूनसुद्धा मोकळा."

लबीब ओशाळला. मागे एकतीस डिसेंबरला पापांची कबुली द्यायला आलेल्यांची रांग खोळंबली होती.

अबूनांनी दाढीवरून हात फिरवला. "तुझं तोंड काही बंद व्हायचं नाही. तू हात चालव. रोज एक चांगलं काम, गुपचूप. बायकोलाही कळता कामा नये. करायचं आणि पाठ फिरवून निघायचं. वळून बघितलंस की तुझी छाती फुगते. वर्षभर टिकलास तर त्यानंतरच्या सात जानेवारीला, आपल्या नाताळला, झांजा तुझ्या हातात."

झांजा! पूर्वी चर्चमध्ये त्या लबीबच वाजवायचा. सहा वर्षांपूर्वी भर उपासनेत तो बोलून गेला होता, "माझ्यासारखा ठेका देवदूतांनाही जमत नाही." त्याच दिवशी झांजा गेल्या गायकवृंदातल्या सुबहीकडे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

लबीबचं तामियाचं दुकान. घेवड्याची ती भजी तळायला पहाटे पाचलाच कढई चढायची. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर इफ्फतमावशी एकट्या राहायच्या, गुडघे पार कामातून गेलेले. त्यांच्या गॅलरीखाली रोज पहाटे दोरीला बांधलेली हिरवी टोपली लोंबत असायची, रोटीवाल्याची वाट बघत. एक जानेवारीला लबीबने तिच्यात आठ गरम तामिया आणि वाटीभर लोणचं ठेवलं, पाठ फिरवली आणि जो पळत सुटला तो थेट रोटीवाल्याच्या सायकलवर आदळला.

डोक्यावरची रोट्यांची फळी सावरत रोटीवाला ओरडला, "काय रे, चोरी केलीस काय?"

"हो," लबीब म्हणाला. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढचा आठवडाभर गल्लीतल्या बायका आपापल्या टोपल्या जपून वर ओढत होत्या.

गुपित पोटात ठेवणं म्हणजे उकळतं तेल गिळणं. मार्चमध्ये त्याने ते दुकानातल्या मांजराला सांगितलं आणि घाबरून अबूनांकडे धावला.

"मांजराला बोललेलं धरतात का हो, अबूना?"

"ते पुढे कुणाला सांगणार नसेल तर नाही."

मावशी रविवारी कशाबशा जिना उतरून चर्चमध्ये भेटायच्या. "कशा आहात, मावशी?"

"मला कोण विचारतंय बाबा!"

लबीबला भरून यायचं. गुपित पाळावं तर असं, तो मनात म्हणायचा. मला नाही जमत, ही म्हातारी बघा.

सुबही मात्र सुटत चालला होता. ईस्टरला त्याचा पांढरा झगा काखेत टरकन उसवला. समोरच्याच इमारतीच्या जिन्यातून तो उतरताना दिसला की लबीब कढईत तोंड खुपसायचा. दोनदा भुवया जळाल्या.

नाताळचा उपास लागला. डिसेंबरातल्या एका सकाळी सातला सुबही चक्क दुकानात आला.

"एक बोलायचं होतं, लबीब."

"सात वर्षांनी? बोल."

"या नाताळला झांजा तू वाजव."

लबीबच्या हातातला झारा तेलात पडला. "का रे? मरायला टेकलास की काय?"

"तसं नाही. या वर्षी देवाने माझं इतकं बघितलं, की कुणावर डूख धरायची लाज वाटते."

"काय बघितलं?"

"ते नाही सांगत. सांगितलं तर बंद पडेल."

"बरं, गरम तामिया तरी खा. उपासाला चालतात."

"नको, पोट भरलंय." सुबहीने ढेरीवरून हात फिरवला. "झालं गेलं विसर, भावा. मी चुकलो."

"मीही चुकलो," लबीब म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तसं खरोखर वाटलंही. त्याने सुबहीला पीठ लागलेल्या हातांनी मिठी मारली. आपलं पुण्य उडून या गाढवालाही लागलं, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याने जीभ चावली. जोरात चावली गेली. दोन दिवस त्याला लोणचं खाता आलं नाही.

एकतीस डिसेंबरची पहाट. शेवटची फेरी. लबीबने बारा तामिया ठेवल्या, तीळ लावलेल्या. पाठ फिरवली, चार पावलं गेला आणि थांबला. कुणाला सांगायचं नाही, ते ठीक. पण वर्षभरात एकदा, फक्त एकदा, मावशीचा चेहरा बघितला तर देव काय रागावणार आहे?

तो खांबाआड सरकला आणि त्याने मान वर केली.

टोपली हलली आणि डुलत वर निघाली. दुसरा मजला. तिसरा. चौथ्यावर इफ्फतमावशी शाल गुंडाळून चहा पीत उभ्या होत्या. टोपली त्यांच्या नाकासमोरून वर गेली. पाचव्या मजल्यावर सुबहीने ती दोन्ही हातांनी आत घेतली आणि आभाळाकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली.