बाळंतिणीचे लाडू

साळूबाईनं सुनेला चुलीपासून उठवून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आ कर."

रत्नानं तोंड उघडलं. सासूनं नाक पुढं नेऊन हुंगलं. मिसरीचा वास आला, जायफळाचा नाही. पण तेवढ्यानं संशय जातो होय? मिसरी लावून जायफळाचा वास दडवला असणार, एवढी पक्की आहे ही!

लेक शेफाली बाळंत होऊन आतल्या खोलीत निजली होती. तिच्यासाठी साळूबाईनं डिंकाचे लाडू वळले होते, जायफळ सढळ हातानं घातलं होतं, आणि डबा दिवसागणिक हलका होत होता. ओल्या बाळंतिणीच्या तोंडचा घास चोरायचा म्हणजे केवढं पाप! आणि चोर शोधायला लांब कशाला जायचं? लग्नात काडीसारखी असलेली रत्ना आता दारात मावेना झाली होती. त्यात सून जेवणार सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, एकटी. तिच्या ताटात काय पडतं ते बघतंय कोण?

म्हणून साळूबाईनं रत्नाच्या माहेरी, शिवऱ्याला, तिच्या भावाला फोन लावला होता. "बहिणीला घेऊन जा." रत्नाची पिशवी भरून ओटीवर ठेवली होती. ती भावाच्या देखत उघडून बघायची, हेही साळूबाईनं सुनेला बजावून ठेवलं होतं.

भावाच्या आधी गुलफशा आली. भोरची पोरगी. गेल्या साली इथं मार्गासनीत घरोघरी लोकांची वजनं घेऊन, रक्त काढून नेलेल्या डॉक्टरांबरोबर हीच होती. आता तपासणीत काय निघालं ते समजावत फिरत होती. रत्नानं तिला पाणी दिलं.

"आजी, हे जाड-बारीक असणं बरंचसं रक्तातूनच येतं, आईबापांकडून," गुलफशा म्हणाली. "त्याला जनुक म्हणतात. एकाच चुलीवरचं खाऊन एकाच्या अंगाला लगेच लागतं, एकाच्या लागतच नाही."

"म्हंजी आमची ही न खाताच फुगली म्हन की!"

"न खाता नाही. पण तुमच्याइतकंच खाऊनसुद्धा वजन वाढू शकतं. आणि दुसरा कुणी दुप्पट खाऊन आहे तसाच राहतो."

साळूबाईनं एकदा गुलफशाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. दोघी एका वयाच्या. पाणी देताना काहीतरी कुजबुजल्या होत्या खऱ्या.

"तुला हिनंच पढवलं न्हवं?"

गुलफशाचा चेहरा उतरला. तेवढ्यात ओटीच्या कोपऱ्यातून साळूबाईचा नवरा बोलला. गेनबा म्हणजे वाळलेली शेवग्याची शेंग.

"आमच्यात न्हाई बाबा तसलं काय. माझं वजन लग्नात व्हतं तेवढंच हाय."

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. साळूबाई थबकली. दुप्पट खाऊन आहे तसाच. ती उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आ करा."

"येड लागलं का तुला?" म्हणत गेनबानं उपरणं तोंडाला लावलं. तिनं ते ओढून काढलं. त्या उपरण्यालासुद्धा जायफळाचा वास येत होता.

साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सुनेकडं वळली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझ्या अंगाकडं बघून कुनाला खरं वाटलं असतं, आत्याबाई?"

अंगणात मोटारसायकल थांबली. रत्नाचा भाऊ सोमनाथ चपला न काढताच पायरीशी उभा राहिला.

"काय केलं हिनं?"

गेनबा उपरण्याची घडी घालत बसला.

"काय न्हाई," साळूबाई म्हणाली. "च्या घ्या तुमी. रत्ना, ती पिशवी आत ठिव जा."

रत्नानं पिशवी उचलली, पण आत नेली नाही. सासूच्या पायाशी आणून ठेवली आणि तिचा बंद सोडला.

"आदी बघून घ्या," ती म्हणाली.