साहेबांचा शाकाहारी मासा

मीटिंग ऐन रंगात असताना साहेब उठले. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा चिमट्यात अडकवून त्यांनी कोपऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत माशापुढे लटकवला आणि कळवळून म्हणाले, "शाकाहारी आहे हो बिचारा! थोड्या थोड्या वेळाने मिळालं नाही की पोट खपाटीला जातं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

टिपणं घेणारी सहायक बिचकत उठली. "साहेब, खालच्या पाळणाघरातून फोन आलाय. बाळाला पाजून वीस मिनिटांत येते."

"घरची रडगाणी ऑफिसात नकोत, बाई. रडेल आणि झोपेल!"

दुधाने भिजलेला शर्ट वहीने झाकून ती पुन्हा खुर्चीत बसली.



मीटिंग संपल्यावर साहेबांनी शेवाळाचं पाकीट तिच्या हातात ठेवलं. "उद्यापासून ह्याचं खाणं तुम्हीच बघा. लेकराची भूक तुम्हा आयांनाच कळते हो!"